थांबलेला आलाप

तीस वर्षांपूर्वी, रायपूरच्या पहिल्याच मैफिलीत, आलाप चालू असताना शर्मिष्ठाचा व्हायोलिनवरचा गज मधेच थांबला होता. पुढचं सगळं विसरली होती ती. तेवढ्यात अंधाऱ्या सभागृहातून कोणी बाई हलकेच म्हणाली, "हव." हो गं, बरोबर आहे, अशा सुरात. गज पुढे सरकला, आणि नंतरची सगळी वर्षं, सगळ्या मैफिली त्या एका शब्दातून उलगडत गेल्या. त्या बाईला तिने फार शोधलं.

आज दुपारी धाकटी बहीण क्षमा त्या मैफिलीची कॅसेट घेऊन चौबे कॉलोनीतल्या घरी आली. दोघी ऐकत बसल्या. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता. आलाप त्याच जागी थांबला.

शर्मिष्ठा डोळे मिटून त्या आवाजाची वाट पाहू लागली. तो आलाच नाही.

"ताई, बंद पडली काय कॅसेट?"

"नाही. फिरून राहिली."

फुगलेला पडदा तसाच राहिला. कॅसेटमध्ये कोणीतरी खोकलं. मग त्या अठरा वर्षांच्या पोट्टीचा घाबरा श्वास ऐकू येऊ लागला, अगदी जवळून.

शर्मिष्ठा टेपवर वाकली.

"हव," ती हलकेच म्हणाली.

आतला गज पुढे सरकला.