मिटलेल्या थाळ्या

रानशेतच्या घरातून ड्रमसेट न्यायला चिमणकाका भर दुपारी टेम्पो घेऊन आले. दक्षाच्या बाबांच्या बँजो पार्टीत ते बँजो वाजवत. बाबा गेले म्हणून विवळवेढ्याच्या लग्नाची सुपारी मोडायला नको, असं दक्षाच म्हणाली होती.

ड्रम चढले, मोठी झांज चढली. राहिली फक्त हाय-हॅट. पायाने पेडल दाबलं की तिच्या दोन थाळ्या मिटतात, सोडलं की उघडतात. आज पेडलवर कुणाचाच पाय नव्हता, तरी थाळ्या घट्ट मिटलेल्या होत्या.

काकांनी जोर लावून पाहिला. "लखमानं, तुझ्या बापसानं, सवय लावलीय हिला. दुसऱ्याचं ऐकायची नाय. तू बस, मी तेल आणतो."

दक्षा बाबांच्या स्टुलावर बसली. लहानपणी ती इथेच शिकली होती. पेडलवर तिचा पाय आणि त्यावर बाबांचा, ठेका चुकू नये म्हणून.

तिने पाय ठेवताच थाळ्या अलगद उघडल्या.

"काका, सुटली!"

थाळ्या मिटल्या. तिने दाबलं नव्हतं. पुन्हा उघडल्या, पुन्हा मिटल्या. वरातीचा ठेका होता तो. तिने पाय काढायला पाहिलं. निघेना.

काका दारात आले. "वा, पोरी! अगदी बापावर गेलीस."

"काका, मी नाही वाजवत."

काकांनी तिच्या पायाकडे पाहिलं. हातातली तेलाची बाटली त्यांनी हळूच खाली ठेवली.

"लखमा," ते म्हणाले, "सोड रे पोरीला."

थाळ्या मिटल्या. मग उघडल्याच नाहीत, दक्षाचा पायही सुटला नाही.