क्लेचे मोदक

बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुमेधाने ती पिशवी गालिच्यावरच्या लाल डागावर दाबून धरली. खेळायची क्ले गार होऊन कडक झाली की बोथट सुरीने कडेकडेने उचलायची. गरम पाणी लावायचं नाही, त्याने ती लोकरीत आणखी मुरते.

उद्या आईचं तेरावं होतं. जेवायला येणारी माणसं गंगापूर रोडवरच्या या फ्लॅटच्या याच खोलीत बसणार होती. पण सुमेधाला घाई होती ती इरासाठी. भाचीच्या नजरेला हा डाग पुन्हा पडायला नको होता.

आई याच गालिच्यावर पडलेली सापडली होती. तळपायाला क्ले चिकटलेली होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. ब्लडप्रेशर फार वाढल्याने असेल किंवा पडून डोक्याला मार लागल्याने.

"गोळ्या चालू होत्या ना?" त्यांनी विचारलं होतं.

सुमेधाच्या भावाने, विश्वेशने, आईच्या खणातल्या रिकाम्या पट्ट्या दाखवल्या. एक दिवस चुकलेला नव्हता. मग उरली ती क्लेच.

घरातल्या कुणी ते बोलून दाखवलं नाही. बोलल्या त्या तानुबाई, भांडी घासता घासता. "त्या पोरीच्या मातीवरूनच पाय सटकला बघा. लय जीव होता आजीचा तिच्यावर. पोरीला काय कळतंय."

सात वर्षांची इरा स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. त्या दिवसापासून ती एक शब्द बोलली नव्हती. शाळेत पाठवलं तर बाकावर नुसती बसून परत आली.

"निघतंय का?" विश्वेश चहाचे दोन कप घेऊन आला.

"निघतंय. वेळ लागेल."

"मी म्हटलं होतं, नवा आणू."

"कावळ्यासमोर कबूल केलंय मी."

विश्वेश पुसटसा हसला. दहाव्याला रामकुंडावर तासभर पिंडाला कावळा शिवत नव्हता. विश्वेशने हात जोडून एकेक कबूल केलं. घर विकणार नाही. सुमेधाचं माहेर तुटू देणार नाही. इराला कधी काही बोलणार नाही. कावळे कठड्यावर बसून राहिले. शेवटी सुमेधा म्हणाली, "आई, गालिचा स्वच्छ करते मी. क्लेचा एक कण ठेवत नाही." तिचं वाक्य पुरं होतंय तोच कावळा खाली उतरला होता.

"गुरुजी काय म्हणाले आठवतंय?" विश्वेशने विचारलं. "म्हणाले, बाईंचा जीव गालिच्यात अडकलेला दिसतो."

"होताच. तुला चपला घालून याच्या कडेलाही फिरकू द्यायची नाही."

"तीच बाई नातीला यावर क्ले घेऊन बसवायची. मी म्हटलं, आई, गालिच्यावर? तर म्हणे, तू तुझा पेपर वाच." त्याने कप खाली ठेवला. "बाबा गेल्यापासून ती नुसती ओढल्यासारखी जगत होती, सुमे. आता माझं इथे काय काम, हेच सारखं. शेवटचे पंधरा दिवस तेवढी खुशीत होती. इराने गोळी द्यायची, आजीने पाणी प्यायचं, मग दोघी मोदक करत बसायच्या. तेवढंच समाधान."

"गोळी इरा द्यायची?"

"आमच्या हातून घेताना कटकट करायची. इराच्या हातून निमूट घ्यायची."

तो आचाऱ्याला फोन करायला आत गेला. सुमेधाने पिशवी उचलली. पायाखाली चिरडून चपटे झालेले गोळे होते ते. सुरी घातली तसे तुकडे सुटत गेले. लाल क्लेत पांढरी भुकटी मिसळलेली होती. इराने रांगोळी कालवली असेल असं तिला वाटलं. तिने ती ब्रशने झटकली, ओल्या फडक्याने लोकर पुसून घेतली. डाग पुसट होत होत गेला.

राहिलेलं काही दिसतंय का बघायला तिने गालिच्याची दिवाणाखालची कड ओढली. तिथे भिंतीलगत एका ओळीत अख्खे मोदक मांडलेले होते. अकरा.

एक तिने तळहातावर घेतला. कळ्या एकसारख्या, बारीक, वर जुळून टोक काढलेलं. असल्या कळ्या या घरात एकट्या आईच्याच हाताला यायच्या. सुमेधाला वीस वर्षांत कधी जमल्या नव्हत्या. तिचे डोळे भरून आले. हा एक आपण घेऊन जायचा, असं तिने ठरवलं.

मोदक हाताला जड लागत होता, आत काहीतरी टणक होतं.

तिने सुरी उचलली.

"फोडू नकोस."

इरा दारात उभी होती. बारा दिवसांनी आलेला तो आवाज घोगरा होता. सुमेधाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

"का गं, राणी?"

"आजीचं गुपित आहे."

"मला सांगायचं नाही?"

इराने नाही म्हणून मान हलवली. सुमेधाने सुरी दाबली. मोदक मधोमध उलगडला. आत एक गोल पांढरी गोळी होती, मधोमध रेघ असलेली. सुमेधा दर महिन्याला पुण्याहून फोन करून आईला जिची आठवण करून द्यायची, तीच ब्लडप्रेशरची गोळी.

तिने दुसरा मोदक फोडला. मग तिसरा.

इरा जवळ आली आणि फोडलेले अर्धे पुन्हा जुळवायला लागली.

"कळ्या आजी करायची," ती म्हणाली. "सारण मी भरायचे. रोज एक. मी कुणालाच नाही सांगितलं, आत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हापण नाही."