फुकटाचं बिल

"बिल न्हाई? मग चोरीचंच म्हणायचं की!" जमादारांनी सत्यशीलाच्या कॉम्प्युटरची वायर उपटली.

तालुक्याच्या स्टँडसमोर तिचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. चोरीची सॉफ्टवेअरं पकडायला धाड आली होती. सोबत कुठल्याशा कंपनीचा टायवाला माणूस होता.

"साहेब, हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं, त्यांनीच इंटरनेटवर फुकट ठेवलंय," सत्यशीला जीव तोडून सांगत होती. "वापरा, वाटा, अशी परवानगी हाय. मी वालूरपासून चारठाण्यापर्यंत शाळांना लिंक पाठवायलेय."

परवानगीचं पान तिनं मोबाइलवर काढून दाखवलं. ते इंग्रजीत होतं. जमादारांनी टायवाल्याकडं बघितलं. टायवाल्यानं वाचलं, त्याला सगळं कळलं, आणि तो खुशाल रस्त्याकडं बघत उभा राहिला. असल्या माणसाची शिसारी येते.

शेजारी बन्सीधरचं दुकान. त्याच्याकडचं एकूणएक सॉफ्टवेअर चोरीचं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण त्याच्याकडं बिलं होती, स्वतःच छापलेली! ती बघून दोघांनी आधीच त्याच्याकडं चहा घेतला होता. थू असल्या तपासणीवर!

जमादार मशीन उचलायला लागले तशी सत्यशीला कासावीस झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा तो शेवटचा दिवस. गावोगावच्या पोरींची कागदपत्रं त्याच मशीनमध्ये होती.

बन्सीधर हळूच आत आला. "ताई, कशाला उगं ताणायलाव? माझ्याकडून घेतलं म्हणा. मी देतो बिल. पैसे बी नकोत, शेजारी हाव आपण."

खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. पण पोरींचं वर्ष डोळ्यांपुढं उभं राहिलं. जमादारांनी सांगितलं तसा जबाब तिनं लिहून दिला, सही केली. मशीन जागेवर राहिलं. संध्याकाळपर्यंत सगळे अर्ज गेले.

पुढच्या आठवड्यात वालूरच्या शाळेतल्या मनिषाबाई आल्या. शाळेत नेट नव्हतं, म्हणून ते टायपिंगचं सॉफ्टवेअर न्यायला त्यांनी पेनड्राइव्ह आणला होता. सत्यशीलानं हौसेनं तो मशीनला लावला.

"थांबा," दारातून बन्सीधर म्हणाला. "असं फुकट वाटायचं न्हाई. गुन्हा हाय."

"काय बोलायलाव? ते सगळ्यांचं हाय!"

"व्हय का? मग माझ्याकडून इकत घेतलं म्हणून जमादारापुढं सही कुणी केली, ताई?" तो गोड हसला. "माल माझा हाय, बाई. माझ्या दुकानात या."

सही तर तिचीच होती.

मनिषाबाई सरळमार्गी बाई. त्यांनी सत्यशीलाकडं अशी नजर टाकली, की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी पेनड्राइव्ह काढून घेतला आणि बन्सीधरला विचारलं,

"पक्कं बिल द्याल न्हवं?"