बारा फुटांची रेलिंग

"हे फूल नाय चालणार," असं म्हणून भारतनं ओतीव लोखंडाचं फूल परत ढिगावर टाकलं.

भंगारवाले चाचा वैतागले. "अरे भाई, बारीक तडा है. लांबी-पुट्टी भरो, उप्पर से रंग मारो. किसको समझता?"

गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं, पण चाचांना त्याचं काही नव्हतं. गिऱ्हाईकाचं नाव बद्रीनाथ. साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, बोलणं कमी आणि बघणं फार. लासूर स्टेशन गावी घर बांधतोय म्हणाले होते. जिन्याला नक्षीची रेलिंग पाहिजे, आणि तीत जुन्या घरांच्या गॅलरीला असायची तसलीच फुलं पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. त्यापायी भारत सकाळपासून जुन्या शहरातले भंगारवाले पालथे घालत होता. बारा फुलांपैकी अकरा मिळाली होती. बद्रीनाथांबरोबर त्यांची मुलगी सायली आली होती.

"घ्या की हेच, मिस्त्री," बद्रीनाथ म्हणाले. "कुणाला दिसतंय?"

"दिसायचं नाय, काका. पण फूल गजाच्या मधोमध येतं. जिना उतरताना बाईच्या कडंवर पोर असतं, ती सगळा भार रेलिंगवर देती. पुट्टी भार घेत नाय."

सायलीनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग ओढणी खोचून ती स्वतःच ढिगापाशी बसली. बारावं फूल अर्ध्या तासानं तिलाच सापडलं.

पडेगावात भारतचं छोटं वर्कशॉप होतं. वाळूजच्या कंपनीतलं कंत्राटी काम सोडून दोन वर्षं झाली होती. हाताला काम होतं, कामाला नाव होतं. लग्न तेवढं जमत नव्हतं. तीन स्थळं आली, "कंपनीत पर्मनंट आहे का?" एवढं विचारून चहा पिऊन गेली. पाटीवर प्रोप्रायटर लिहून काही उपयोग झाला नाही. आईसमोर भारत ते हसण्यावारी न्यायचा, पण मनाला लागायचं. त्याला संसार हवा होता, आणि आता तिशी आली होती.

चौथं स्थळ रविवारी घरी येणार होतं. ते सारजाबाईंनी आणलं होतं. मध्ये कुणी काडी घालू नये म्हणून सारजाबाई पाहुणे दारात उभे राहीपर्यंत त्यांचं नाव-गाव सांगत नसत. आजवर त्यांनी पस्तीस लग्नं जमवली होती, त्यामुळं त्यांना कोण बोलणार?

"या खेपंला कोणत्या तरी कंपनीचं नाव सांग बाबा," भारतची आई मनकर्णाबाई म्हणाली. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, पण आता त्याही थकल्या होत्या.

"आन् लग्न झाल्यावर रोज डबा घेऊन कुठं जाऊ?"

आई हसली नाही.

आठवडाभर भारत रेलिंगवर राबला. बद्रीनाथ अधूनमधून यायचे, स्टुलावर बसायचे, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या की तोंड फिरवायचे. प्रश्न मात्र नाना तऱ्हेचे विचारायचे. सुट्टी कधी घेता, आई काय म्हणते, संध्याकाळी मित्रांत बसता का. म्हाताऱ्या माणसाला वेळ जात नसेल, असं समजून भारत उत्तरं द्यायचा.

"एकदा जिना बघून येतो, काका. मापाला दगा नको."

"प्लास्टर ओलं हाय. बारा फूट धरून चाला."

दुसऱ्याच्या मापावर काम करू नये, हे भारत दहा जणांना शिकवायचा. या माणसापुढं त्याला नाही म्हणवेना.

रविवारी आईनं सतरंजी अंथरली, पोहे भिजवले. भारत इस्त्रीचा शर्ट घालून बसला. अकरा वाजले, एक वाजला. दोन वाजता सारजाबाईंचा फोन आला. आईनं तो ऐकला आणि हळूच खाली ठेवला.

"येत नाय म्हणतेत."

"का?"

"ते काय सांगितलं नाय."

पोह्यांचा गोळा झाला होता. भारतला आईकडं बघवेना. या वेळी तर पाहुण्यांनी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. घरात बसून कुढण्यापेक्षा काम बरं, म्हणून त्यानं बद्रीनाथांना फोन लावला.

"रेलिंग तयार हाय, काका. आजच बसवून देतो."

"या की. मीच फोन करणार होतो, आम्ही वाटच बघतोय."

छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं घेऊन, रेलिंग गोधडीत गुंडाळून तो निघाला. इस्त्रीचा शर्ट बदलायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. लासूरला पोचेस्तोवर उन्हं कलली होती. अंगणात सडा टाकलेला होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या. सायली दारात होती. त्याला बघून आत गेली.

भारतनं घराला एक चक्कर मारली, मग दुसरी. बैठं घर होतं, वर पत्रे. प्लास्टर कित्येक वर्षांचं, पार सुकलेलं. जिना नव्हता, माडी नव्हती, बांधकामाची वीटसुद्धा नव्हती.

"काका," तो गोंधळून म्हणाला, "रेलिंग लावायची कुठं?"

बद्रीनाथांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

"ते बघू सावकाश. बसा, भारतराव. सारजाबाई तुमच्या आईला घेऊन निघाल्यात."