सोनेरी कडा

"प्रौढांचा शास्त्रवर्ग चालवायचा असेल, तर बाई, आधी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं पवित्रशास्त्र वाचावं लागतं," असं पाळकसाहेबांनी भर मंडळीत सुनावलं, त्याला चौदा महिने झाले होते. निवृत्त मुख्याध्यापिका सुवार्ताबाईंनी तेव्हा फक्त मान डोलावली होती.

आज त्या बायबलचं वाचन पुरं करून आल्या होत्या. वंशावळींतलं एकही नाव न गाळता. पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"मग परीक्षा होऊन जाऊ द्या," पाळकसाहेब प्रसन्न मुद्रेने म्हणाले आणि त्यांनी आपली जाडजूड प्रत पुढे केली. "हीच मी अकरा वेळा वाचली आहे. चौथं पुस्तक गणना, अध्याय सातवा. वाचा आणि समजावून सांगा."

बाईंनी प्रत उघडली. निर्गम हे दुसरं पुस्तक संपताच पानांच्या सोनेरी कडा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या होत्या. छापखान्यातून निघाल्यापासून त्यांना कुणी विलगच केलं नव्हतं. बाईंनी नखाने एक पान सोडवलं. टर्रर्र. मग दुसरं. टर्रर्र. तो आवाज प्रार्थनामंदिराच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. पाळकसाहेब छताचा पंखा न्याहाळू लागले.

बाईंच्या पोटातून शाळकरी मुलीसारखं हसू उसळलं. ते कसंबसं गिळून त्यांनी त्या अध्यायातली बारा सरदारांची अर्पणं अस्खलित समजावून सांगितली आणि प्रत अदबीने परत केली.

"येत्या रविवारी वर्ग सुरू," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब, तुम्हीही या. तिसऱ्या पुस्तकापासून, लेवीयापासून घेऊ. निर्गमापर्यंत तुमचं झालेलंच आहे."