रियाजाची खोली

आमचे हे व्हायोलिन वाजवतात. लहानपणी लढाईत घर गेलं आणि आईचं बोट धरून देश सोडावा लागला, म्हणून कार्यक्रम संपला की माइक घेऊन निर्वासितांसाठी पोटतिडकीने बोलतात. काल तर म्हणाले, "नुसत्या टाळ्या नकोत, घराचं दार उघडा!" लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि आपापल्या घरी गेले.

फक्त सासूबाईंनी, कार्यक्रमाला बोलावलेलं छावणीतलं एक अख्खं कुटुंब टॅक्सीत कोंबलं आणि घरी आणलं. मागून आम्ही पोचतो तर काय, ह्यांच्या रियाजाच्या खोलीत गाद्या पसरलेल्या, त्यावर मुलं कोलांट्या मारतायत आणि नोटेशनच्या स्टँडवर ओले मोजे वाळत घातलेले!

ह्यांनी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, अगं, मी ते लोकांना सांगत होतो!"

"मग मी काय लोकांत नव्हते बसले?"

"अगं, पण मी रियाज कुठे करू?"

"बाथरूममध्ये कर."

"बाथरूममध्ये कोणी व्हायोलिन वाजवतं का?"



"वाजवतं की," उश्यांना अभ्रे चढवत सासूबाई म्हणाल्या. "ज्यांनी आपल्याला घरात घेतलं, त्यांचा मुलगा वर्षभर तिथेच वाजवायचा. बाहेरून दाराला कान लावूनच तर शिकलास तू!"