कानमंत्र

निवृत्तीआधी दोन तरुण सिस्टर्समधून एकीला आपल्या खुर्चीसाठी तयार करायचं होतं, आणि चुरशीशिवाय माणूस तयार होत नाही हे मेट्रनबाईंचं ठाम मत. म्हणून त्यांनी दोघींना वेगवेगळं बोलावून एकच कानमंत्र दिला. "तुझी मैत्रीणच तुझा पत्ता कापायला टपलीय हं. सांभाळून राहा."

दुपारी बघतात तर काय, दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. "टपलीय हं," असं बाईंच्याच सुरात म्हणत एकीनं दुसरीच्या पुढचा घास पळवला आणि दोघी खिदळल्या.

बाईंनी आपला डबा न उघडताच बाजूला सारला.



आधीच्या मेट्रननं हाच कानमंत्र त्यांना दिला होता. तेव्हापासून खोलीच्या भिंतीपलीकडे त्यांची मैत्रीण एकटी जेवते आणि भिंतीअलीकडे त्या.